गीतरामायण आणि घाशीराम कोतवाल : शेजारी ठेवून ऐकताना

तलावपाळीकर (धागाकर्ता)

नौपाड्यात आमचा आठ-दहा जणांचा श्रवणकट्टा आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, ऐकायचं, भांडायचं आणि पोहे खाऊन उठायचं, एवढीच आमची घटना. यंदा टूम निघाली की ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटणार नाही अशा दोन संगीतकृती निवडायच्या, त्या कुठल्या हवेत जन्मल्या ते शोधायचं आणि तासाभरात मांडायचं. पुढची पाळी माझी. मी ‘गीतरामायण’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ घेतलंय. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोहे मिळतील ना मग तुला?"

वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे १९५५. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या (सुधीर फडके). १ एप्रिलला, रामनवमीच्या शुक्रवारी, पहिलं गाणं लागलं. वर्षभराची बावन्न ठरली होती, मध्ये अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली.

उजवीकडे १९७२. गाव तेच. विजय तेंडुलकरांचं पेशवाईतल्या पुण्यावरचं नाटक, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. १६ डिसेंबरला प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. मग त्यातली मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं.

एकासाठी लोकांनी रेडिओला हार घातले, दुसऱ्यासाठी निषेधाची पत्रकं काढली. मधली वर्षं सतरा. रेघेखाली मी निष्कर्ष लिहून ठेवलाय, ‘एकीकडे भक्ती, दुसरीकडे भक्तीची टर’. पण हे एका वाक्यात संपलं, आता उरलेली एकोणसाठ मिनिटं काय बोलू? जाणकारांनी हात द्यावा.

गवतीचहा

जोडी भन्नाट! वाखू (वाचनखूण) साठवली आहे. पण घाशीरामला संगीतकृती म्हणायचं का? संगीत नाटक म्हटलं की आमच्या घरी नाट्यपदं, वन्समोअर आणि आजोबांचे ओले डोळे.

पेटीवाली

@गवतीचहा, म्हणायचंच. त्यातलं गाणं काढून बघा, नाटक उभंच राहत नाही. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता थांबतं आणि गातं. इथे बारा बामणांची ओळ उभी असते, तीच गाते, तीच डोलते, तीच पडदा होते. कीर्तन, लावणी, अभंग, दशावतारी खेळ, तमाशा, सगळं एका भांड्यात. चंदावरकर पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले गृहस्थ. त्यांना हे सगळं मिसळताना प्रत्येक चव वेगळी ठेवता आली.

आता डावीकडच्या रकान्याबद्दल. मी कोपरखैरण्यात क्लास घेते. नवीन पोरांना पहिला राग भूप शिकवते. पाच सूर, मध्यम नाही, निषाद नाही, चुकायला जागा कमी. गीतरामायणातलं पहिलं गाणं, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, भूपातच आहे. गाणारे कोण? कुश आणि लव, आश्रमातली दोन कोवळी पोरं. बाबूजींनी हे ठरवून केलं की हातून झालं ते मी सांगू शकत नाही, पण मुलांच्या तोंडी मुलांचा राग आला एवढं खरं. आणि छप्पन्नावं, ‘गा बाळांनो, श्रीरामायण’, भैरवीत. मैफल संपवायचा राग. पण त्यातले शब्द वाचा. वाल्मीकी मुलांना सांगताहेत, रघुराजाच्या नगरीत जा आणि हे गा. म्हणजे शेवटचं गाणं संपतं तिथून पहिलं सुरू होतं. सुरांनी आवरतं घेतलं आणि शब्दांनी दार उघडलं. हे मला पंचवीस वर्षं पेटी वाजवून झाल्यावर कळलं, कुणी सांगितलंही नाही.

अवांतर : पेटीवरून आठवलं. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ च्या सुमाराला सैल झाली. नंतर रंगमंचावर बाबूजी स्वतः पेटी घेऊन गीतरामायण गायला बसत, तेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. मूळ कार्यक्रम मात्र पेटीबंदीच्या काळातला. आमच्या जातीवर केवढा अन्याय!

कुंपणावरचा

तलावपाळीकर, रागावू नका, पण ‘भक्ती विरुद्ध भक्तीची टर’ हा दहावीचा निबंध झाला. घाशीराममध्ये भक्तीची टर कुठे आहे? तिथलं कीर्तन नीट सुरात, नीट लयीत होतं. बेसूर केलं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते आणि नाटकाचं प्रहसन झालं असतं. अभंग खरा असतो, म्हणूनच त्याच्या आड जे चाललंय ते बघताना घशाशी येतं. बामणांची ओळ पाठ फिरवते, भिंत होते, आणि भिंतीपलीकडे नाना फडणवीस असतात. नामस्मरण चालूच. चूक अभंगाची नाही, आडोसा करणाऱ्याची आहे.

त्या नमनातली ओळ घ्या, ‘आम्ही पुण्याचे बामण हरी’. ‘बामण’ला ‘हरी’ कधी चिकटला ते कळतच नाही. अर्धी फुशारकी, अर्धं नामस्मरण. ऐकणारा डोलून झाल्यावर दचकतो.

डावीकडचा रकानाही तुम्ही फार पांढराशुभ्र ठेवलाय. ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे भक्तिगीत आहे का? चित्रकूटावर भरत परत न्यायला आलाय आणि राम त्याला समजावतोय की वियोगाला दोषी कुणी नाही. समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि एका लाटेने वेगळे होतात, ही उपमा थेट वाल्मीकींच्या अयोध्याकांडातली, गदिमांनी मराठीत आणली. यात देवाचा जयजयकार कुठेच नाही. एक भाऊ दुसऱ्याची समजूत काढतोय, बस.

पेटीवाली

+१. आणि ते यमनकल्याणात आहे. यमनाच्या तीव्र मध्यमात शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श होतो तेव्हा तो यमनकल्याण. समजावणाऱ्याचाच आवाज क्षणभर कापरा झाला, असं मी पोरांना सांगते. शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही, माझ्या क्लासात आहे.

रबाळे_स्लो

जरा कडू बोलतो. हवेचं विचारलंत ना, मग १९५५ ची हवा नीट बघा. त्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह मराठी राज्य मिळणार नाही हे दिसलं. २१ नोव्हेंबरला, सोमवारी, फ्लोरा फाउंटनवर गोळीबार, १५ माणसं गेली. कार्यक्रम दर शुक्रवारचा, म्हणजे चार दिवसांनी रेडिओवर पुढचं गाणं लागलं असणार. जानेवारीत पुन्हा गोळीबार. चळवळीत पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. आणि महाराष्ट्र काय करत होता? उदबत्ती लावून रामकथा ऐकत होता. सरकारी रेडिओवर. मला तरी हे पळून जाणं वाटतं. त्यापेक्षा १९७२ चा घाशीराम प्रामाणिक. सत्ता एखाद्या गुंडाला कशी वाढवते, वापरते आणि काम झालं की जमावापुढे टाकते, हे तोंडावर सांगतो. सवाई माधवरावांच्या पेशवाईत घाशीराम सावळदास हा खरा कोतवाल होता, १७९१ मध्ये लोकांनी दगडांनी ठेचून मारला. पण बघणाऱ्याला तो आपल्याच वॉर्डातला वाटतो.

जुना_ठाणेकर

रबाळे_स्लो, मी त्या वेळी सात वर्षांचा होतो. आजोळ पुण्यात, सदाशिव पेठेत. वाड्यात एकच रेडिओ, तोही मालकांचा. शुक्रवारी सकाळी मालकीणबाई खिडकीत रेडिओ उचलून ठेवायच्या, तोंड चौकाकडे करून, आणि आम्ही नळाच्या रांगेतल्या बादल्यांवर बसून ऐकायचो. माझा मामा चळवळीत होता. सत्याग्रहाला जायच्या पहाटे निघाला आणि मामीला म्हणाला, "या आठवड्याचं गाणं लिहून ठेव, आल्यावर वाचीन." मामीने शाळेच्या वहीत लिहून ठेवलं. त्याला पळून जाणारा म्हणवत नाही मला.

बाबूजींचंही तसंच. गीतरामायणाच्या आधीच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ते दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. तीच माणसं दोन्ही करत होती हो.

घाशीराम मी ऐंशीच्या दशकात बघितलं, इथे ठाण्यात. मागच्या रांगेत बसलो होतो. डॉ. मोहन आगाशे नाना. बाकी बरंच विसरलो, पण ती ओळ वळली ना, की आवाजही वळायचा. माणसं आपल्याकडे पाठ करून गात असली की शब्द अर्धे त्यांच्याकडेच राहतात. ते अजून कानात आहे. शेजारी बसलेले गृहस्थ मध्यंतरात उठून गेले ते आलेच नाहीत. मला आधी वाटलं चहाला गेले.

अवांतर : ठाण्याला कमी समजू नका मंडळी. पं. राम मराठे इथले, आणि जनकवी पी. सावळाराम तर गावचे नगराध्यक्षच होते. गीतकार नगराध्यक्ष! आता कुणी म्हणेल तेव्हा रस्त्यांवर खड्डे नव्हते का. होते.

गवतीचहा

नळाच्या रांगेत गीतरामायण 🙏 काका, लिहीत राहा.

कुंपणावरचा

@रबाळे_स्लो, सरकारी रेडिओचाच धागा पुढे ओढा की. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना, १९५२ पासून, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली होती. लोक रेडिओ सिलोनकडे पळाले. विविध भारती यायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या पाच वर्षांत केंद्रांना लोकांना धरून ठेवेल असं गाणं स्वतःच घडवावं लागत होतं. गीतरामायण त्या रिकाम्या जागेत उगवलं. चित्रपटाचे कवी, चित्रपटाचे संगीतकार, पण चित्रपट नाही. हुकूम चुकीचा असेल, फळ गोड आलं. असंही होतं.

तलावपाळीकर (धागाकर्ता)

तीन दिवस गप्प होतो, कारण वही फाडली. निबंधाचा शेरा बसला, पण योग्य होता.

ऑफिस तुर्भ्याला. रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडतो. परवा जाताना कानात पहिलं गाणं, आणि येताना हातात घाशीरामची प्रत. (लोकलमध्ये पुस्तक उघडलं की समोरचा माणूस मुखपृष्ठ वाचतो आणि मग तुमचा चेहरा. एकाने विचारलं, "पोलीस भरतीचं आहे का?") ऐरोली गेल्यावर डोक्यात एक गोष्ट आली, ती मांडतो. पटते का बघा.

दोन्हीकडे एक सत्ताधीश बसून गाणं ऐकतोय.

गीतरामायणाची सुरुवातच ही. राजा सिंहासनावर आहे आणि समोर दोन मुलं त्याचीच गोष्ट गाताहेत. ऐकता ऐकता राघव आसन सोडून उठतात, मुलांना कवटाळतात. बापलेकांची भेट होते आणि हे दोघांनाही ठाऊक नसतं. आपल्याला, म्हणजे बादलीवर बसलेल्या पोरालासुद्धा, ठाऊक असतं. पुढची गाणी आपण हे गुपित उराशी धरून ऐकतो.

घाशीराममध्ये नाना गणपतीपुढच्या कीर्तनाला येतात. त्यांचंही गाण्यात लक्ष नाही असं म्हणवत नाही, मान डोलतेच. पण डोळे गौरीवर आहेत, घाशीरामच्या मुलीवर. कीर्तन संपतं आणि नानाही उठतात. पोरीला धरायला. ती म्हणते, समोर गणपती बघतोय. नाना म्हणतात, त्याला स्वतःला दोन बायका आहेत, तो काही बोलायचा नाही.

दोघेही गाणं ऐकून आसनावरून उठतात. एक पोरांना जवळ घ्यायला, दुसरा पोरीला ओढायला. मला वाटतं माझी एकोणसाठ मिनिटं इथे आहेत. एकाची श्रद्धा इतकी की गाणं राजाला खाली उतरवेल. दुसऱ्याने सतरा वर्षांनी येऊन विचारलं, उतरवलं तर खरं, पण उतरून तो जातो कुठे?

कुंपणावरचा

आता बोललात. टोपी काढली.

रबाळे_स्लो

मान्य. पळून जाण्याचं विधान अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो.

पेटीवाली

छान सापडलंय, पण अजून एक कोपरा झाडायचा राहिला. तुम्ही उठणाऱ्या पुरुषांचं सांगितलंत. गीतरामायणातलं शेवटून दुसरं गाणं कोणाचं? सीतेचं, ‘मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे’. चोपन्न गाणी आपण रामाच्या बाजूने ऐकत आलो आणि पंचावन्नाव्याला ही बाई अरण्यात उभी राहून प्रश्न विचारते. उत्तर नाही. पुढचं गाणं थेट वाल्मीकींचं, मुलं मोठी झालेली. लक्ष्मण काय म्हणाला ते गदिमा सांगत नाहीत, आणि बरं केलं. श्रद्धेच्या मालिकेत हा प्रश्न कुणी गाळला नाही, गोड चालीत बुडवलाही नाही.

इकडे गौरी. बापाने कोतवालीसाठी नानाला दिलेली पोर. ती मेल्याचं बापाला मागाहून कळतं. तिला ‘जाऊ कुठे’ विचारायलाही जागा ठेवलेली नाही. हे दोन शेजारी ठेवा, मग भक्ती, टर, पलायन सगळे शब्द अपुरे पडतात.

आणि वाशीच्या नाट्यगृहावर ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांना विसरू नका. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा गाणारा एकटा सूत्रधार, पात्रं त्याच्या गाण्यावर वावरायची. कुश-लव हे सूत्रधारच, घाशीराममध्येही सूत्रधारच. दोन्ही कृती एकाच माळ्यावरची भांडी आहेत, फक्त एकात नैवेद्य शिजला.

गवतीचहा

आणि दुसऱ्यात??

पेटीवाली

दुसऱ्यात काय शिजतंय ते भिंतीमुळे दिसत नाही. 😄

तलावपाळीकर (धागाकर्ता)

वृत्तान्त. शनिवारी झालं एकदाचं.

आधी फजिती. सोसायटीचा हॉल मागितला होता. कमिटीतल्या एका सद्गृहस्थांनी ‘घाशीराम’ वाचून परवानगी ‘विचाराधीन’ ठेवली आणि ती अजून विचाराधीन आहे. शेवटी आमच्याच वन बीएचकेमध्ये अकरा माणसं कोंबली. ब्लूटूथ स्पीकर ऐन वेळी शेजारच्यांच्या टीव्हीला जोडला गेला आणि रामप्रभूंच्या जागी दोन मिनिटं क्रिकेटची कॉमेंटरी ऐकू आली.

क्रम पेटीवालींच्या सूचनेने बदलला. आधी पंचावन्नावं लावलं. ते संपल्यावर कुणी बोललं नाही, मी लगेच कीर्तनाचा प्रवेश वाचायला घेतला. मग जुना_ठाणेकर काकांनी (हो, ते आले होते, जिना चढून, तिसरा मजला) लिहिलेलं आठवलं म्हणून सहा जणांना उठवून शोकेससमोर ओळीत उभं केलं आणि पाठ फिरवून नुसतं ‘हरी हरी’ म्हणायला लावलं. काका म्हणतात तसंच झालं. आवाज काचेवर आपटून परत यायचा, कोण म्हणतंय ते कळायचं नाही. ओळीमागे मी एकटा उभा होतो. काहीही करत नव्हतो, नुसता हातात प्रत धरून. तरी सोफ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आधी बाहेर या बघू तिथून."

त्यानंतर शेवटी पहिलं गाणं, भूपातलं. ओळीतल्या सहा जणांना मी बसा म्हणायला विसरलो. ते तसेच पाठमोरे उभे राहून पूर्ण गाणं ऐकत होते. तिसऱ्या की चौथ्या कडव्याला एक जण हळूच वळला, मग दुसरा. सगळे वळले नाहीत.

पोहे मिळाले.

जुना_ठाणेकर

न वळलेल्यांत मी होतो. गुडघा धरला होता हो, बाकी काही नाही.